गुलाबी झालेला निळा हिरा

१

सोनारानं अंगठीवर ज्योत धरली आणि अर्ध्या मिनिटात निळा हिरा गुलाबी झाला.

दुकानात तेव्हा दोनच माणसं होती, सोनार आणि समोर स्टुलावर बसलेल्या गणिताच्या बाई. अंगठीचा एक काटा दारात अडकून तुटला होता, तो जोडून घ्यायला बाई आल्या होत्या. काम सुरू करण्याआधी सोनारानं विचारलंही होतं, "खडा काढून ठेवू का? काटा खड्याला चिकटूनच आहे, ताप लागेल."

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या होत्या. "हा जिथं बनला तिथल्या माणसानं मला सांगितलंय, भट्टीत टाकलात तरी याचा रंग उडणार नाही."

आता सोनारानं ज्योत विझवली, अंगठी निवू दिली, चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवून पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. "बाई, शप्पथ सांगतो, मी काही केलं नाही."

"मी बघत होते," बाई म्हणाल्या. "तुमचं काही चुकलेलं नाही."

त्यांनी अंगठी रुमालात बांधली आणि घरी आल्या. रात्रभर त्यांनी ती सोडून पाहिली नाही.

तो नुसता दागिना नव्हता. बाईंची एकुलती एक मुलगी लांब पल्ल्याची बस चालवायची. नोकरी लागली त्या दिवशी तिनं कमरेपर्यंतची वेणी कापून आईच्या हातात दिली होती. "हे तू सांभाळ, मला स्टिअरिंगला अडचण होते." दोन वर्षांपूर्वी अकरा दिवसांच्या आजारात ती गेली. वेणी कपाटात राहिली. मग बाईंना या कारखान्याबद्दल कळलं. तिथं माणसाच्या केसांतला कार्बन काढून त्याचा हिरा वाढवून देत. बाईंनी आख्खी वेणी दिली आणि एकच मागणी केली. हिरा निळा हवा, तिच्या बसच्या रंगाचा.

सकाळी नऊला बाई कारखान्याच्या मालकांसमोर बसल्या. त्यांनी रुमाल सोडला आणि अंगठी टेबलाच्या काचेवर ठेवली.

"ही माझी मुलगी नाही," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी कुठं आहे?"

२

मालक माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता आणि घाबरला की त्याला आधी कुणाचा तरी बळी सुचायचा. बाईंना त्यानं पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, केबिनचं दार लावलं आणि रंगखात्याच्या प्रमुखाला बोलावलं. ही पस्तिशीची बाई. तिला आपण सून म्हणू, कारण या प्रकरणात तिच्या सासूबाईंचा वाटा मोठा आहे.

"हे काय आहे?" मालकांनी अंगठी पुढं सरकवली.

सुनेनं पाहिलं. "गुलाबी हिरा."

"काल दुपारपर्यंत निळा होता. बाईंच्या मुलीच्या केसांचा. इथल्याच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, भट्टीत टाकला तरी रंग उडणार नाही. सोनारानं ज्योत लावली आणि हे असं झालं. आता सांगा, आपल्याकडं निळ्याचा गुलाबी कुठल्या खात्यात होतो?"

"माझ्या."

प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतंच. या कारखान्यात हिरे दोन तऱ्हांनी वाढत. एका लांब खोलीत वायूच्या भट्ट्या होत्या. त्यांत हिऱ्याची पातळ चकती ठेवायची, वर वायू पेटवायचा, आणि त्यातला कार्बन आठवडेच्या आठवडे थरावर थर बसत जायचा. दुसऱ्या बाजूला प्रेस होते, प्रत्येक ट्रकएवढा. त्यांत वितळलेल्या धातूतून, भयंकर दाबाखाली, कार्बन एका कणाभोवती जमत जायचा. केसांचे हिरे फक्त प्रेसमध्ये व्हायचे. तिथं चिमूटभर बोरॉन घातलं की हिरा मुळातूनच निळा निघायचा.

निळा करायची आणखी एक वाट होती, ती सुनेच्या खात्यातून जायची. पैलू पाडलेला पांढरा हिरा बाहेरच्या किरणकेंद्रात पाठवायचा. तिथं इलेक्ट्रॉनचा मारा झाला की आतले अणू जागचे हलतात आणि हिरा निळा होऊन परत येतो. तोच हिरा आठशे अंशांवर भाजला की वायूच्या भट्टीतले बरेचसे खडे गुलाबी होतात. सुनेनं असे शेकड्यांनी केले होते आणि उघडपणे, तसं लिहून, विकायला दिले होते.

मालकांनी एक टाइप केलेला कागद पुढं ठेवला. त्यात लिहिलं होतं की माझ्या निष्काळजीपणामुळं खडा बदलला गेला, मी जबाबदारी घेऊन राजीनामा देत आहे.

"सही करा. पोलीस नाही, गाजावाजा नाही. बाईंना मी दुसरा निळा खडा देतो, प्रेसमधला, चांगला मोठा."

"कुणाच्या केसांचा?"

मालकांनी कागदावर पेन ठेवलं.

"जे मी केलं नाही त्याखाली माझी सही येणार नाही," सून म्हणाली.

"पाच वाजेपर्यंत विचार करा. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"पाचपर्यंत कशाला थांबता? हा फोन, लावा आत्ता."

मालकांनी फोनला हात लावला नाही. तीनशे घरांत या कारखान्यातले केसांचे हिरे होते. पोलिसांची गाडी दारात आली तर ती तीनशे घरं मागोमाग आली असती.

सुनेनं कॉरिडॉरमध्ये येऊन स्वतःचा फोन काढला. "आई, तुमचं भिंग घेऊन कारखान्यात या. आणि चहा पिऊन निघा, इथं आज कुणी विचारणार नाही."

"कुणी मेलंय का?" पलीकडून आवाज आला.

"अजून नाही," सून म्हणाली.

३

सासूबाई एकोणतीस वर्षं रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी भिंग दोरीनं गळ्यातच असायचं. त्यानं त्या फळांवरचे डाग बघत, औषधाची तारीख बघत आणि सुनेच्या मते शेजारणीचा चेहराही बघत. मालकांच्या वडिलांचे खडे त्यांनीच तपासलेले होते, म्हणून मालक त्यांना काकू म्हणायचे आणि थोडे बिचकायचेही.

"काकू, तुम्ही घरचंच माणूस. तुमचा निकाल मी कसा मानू?"

"मानू नकोस. समोर उभा राहून बघ."

सुनेच्या खोलीतले दिवे घालवले. सासूबाईंनी अंगठी जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली धरली. खडा नारिंगी पेटला, विझत्या निखाऱ्यासारखा.

मग त्यांनी दोन बारीक सुया खड्याला टेकवल्या. सुयांना एक छोटा दिवा जोडला होता. तो लागला नाही. त्यांनी जागा बदलून तीनदा पाहिलं.

"बोरॉनचा निळा हिरा वीज वाहून नेतो," त्या म्हणाल्या. "मूळचा बोरॉनवाला असता, तर रंग काहीही होवो, हा दिवा लागला असता. याच्यात बोरॉन नव्हतंच कधी."

शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ गेला. "ये, बघ," त्यांनी मालकांना बोलावलं. "वहीच्या पानांसारखे थर दिसतायत? प्रेसमधल्या खड्यात असे थर नसतात. हा वायूच्या भट्टीतला आहे. किरणांनी निळा केलेला. सोनाराच्या ज्योतीनं भाजला आणि गुलाबी झाला."

मालक वळून सुनेकडं बघायला लागले. त्यांना बोलायची गरजच नव्हती. किरणांचं काम एकाच खात्यात चालायचं.

ते गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही माझ्या बाजूनं आल्यात ना?"

"मी खड्याच्या बाजूनं आलेय," सासूबाई भिंग पुसत म्हणाल्या. "आणि सध्या तो तुझ्या विरुद्ध बोलतोय."

४

सुनेनं किरणकेंद्राच्या पाकिटांच्या चिठ्ठ्या काढल्या. निळ्यासाठी एक जादा खडा गेल्याची नोंद सापडली, ती तीन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारची. त्या चिठ्ठीवर सही नव्हती, रंगखात्याचा रबरी शिक्का होता.

"त्या आठवड्यात मी इथं नव्हतेच," सून म्हणाली. "माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं. तुम्हीच तर डबा घेऊन दवाखान्यात येत होतात."

"मला आठवतंय. पण पाकीट तू आधीच भरून ठेवलं असशील, असं मालक म्हणेल. खोलीची किल्ली कुणाकडं होती?"

"मालकांच्या केबिनबाहेरच्या खिळ्याला. तिथून कुणीही घेऊ शकतं. पण पाकीट कसं भरायचं आणि चिठ्ठीवर काय लिहायचं, हे माझ्याशिवाय तिघांनाच ठाऊक आहे. मालक, पैलू पाडणारा गप्पू आणि प्रेसकाका."

सासूबाईंनी तिघांकडं जायच्या आधी पाहुण्यांच्या खोलीचं दार ढकललं. बाई सकाळपासून त्याच खुर्चीत ताठ बसून होत्या. समोर आणून ठेवलेलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नव्हतं.

"घरी जाऊन थोडं आडवं व्हायचं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"मी इथून हलणार नाही. मुलीला घेऊनच जाईन."

"एकच विचारते. भट्टीत टाकला तरी रंग उडणार नाही, असं तुम्हाला कोण म्हणालं?"

बाईंनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "ते सांगणार नाही. हिरा वाढत होता तेव्हा मी दर आठवड्याला येऊन बसायचे. या आख्ख्या इमारतीत माझ्याशी माणसासारखं बोलणारा तो एकच निघाला. तुम्ही कुणावर तरी ढकलायला बघताय, त्यात त्याला ओढू नका."

"तो खोटं बोलला असेल तर?"

"त्याचा विश्वास होता त्यावर. बत्तीस वर्षं पोरांची उत्तरं ऐकलीत मी. कोण घोकून बोलतंय आणि कोण समजून, मला ऐकल्यावर कळतं."

सासूबाईंनी मान हलवली आणि उठल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता.

गप्पू चाकासमोर बसला होता. तो कधीच गप्प बसत नसे म्हणून त्याचं नाव गप्पू पडलेलं. सासूबाईंनी त्याला बाईंच्या खड्याबद्दल विचारलं.

"माझ्याकडं नाही आला तो. त्या आठवड्यात माझं चाक बिघडलं होतं, बाहेरून पैलू पाडून आणला असेल. का हो, काय झालंय? सगळे कुजबुजतायत, ताईंना काढणार म्हणे? ताईंना काढलं तर मी पण..."

"ते राहू दे. मला एक घरगुती सल्ला दे. माझ्या अंगठीत इथलाच निळा खडा आहे, काटा तुटलाय. सोनार म्हणतो, खडा न काढताच जोड लावतो. देऊ का?"

गप्पूनं चाक थांबवलं. "आधी सांगा, खडा कुठला? प्रेसचा असेल तर चालेल. किरणांचा असेल तर नाव काढू नका! मागच्या वर्षी मी एक चाकावर जरा जास्त दाबला, तापला, आणि गेला की रंग. ताई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत."

मालकांना सासूबाईंनी वेगळंच विचारलं. "किरणांच्या खड्यांबरोबर तू ते लाल कार्ड देतोस, 'गरम करू नये' असं छापलेलं. ते कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्याच. दोन गिऱ्हाइकं भांडून गेली, तेव्हापासून."

"बाईंच्या डबीत कार्ड होतं?"

"नव्हतं. आम्ही प्रेसचा खडा समजूनच दिला ना!"

प्रेसकाका सगळ्यात शेवटी. साठीला आलेला, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा असलेला माणूस. बावीस वर्षं त्यानं प्रेसशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. प्रेसच्या दाराशी एक लाकडी बाक होतं, सासूबाई त्यावर टेकल्या.

"बाईंचा कच्चा खडा मी ट्रेमध्ये ठेवला," काका नजर न उचलता म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही."

"असू दे. माझ्या अंगठीचं सांगा." आणि त्यांनी तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला.

काकांचा चेहरा जरा सैल झाला. कामाबद्दल बोलायला मिळालं की माणसाचा होतो तसा. "खुशाल द्या सोनाराला. अहो, चौदाशे अंशांत जन्मलेली वस्तू ती. ज्योतीला काय भिणार? भट्टीत टाका, निळा तो निळाच."

सासूबाई बाकावरून उठल्या. घड्याळात साडेचार वाजले होते.

५

पाच वाजता केबिनमध्ये पाच माणसं होती. मालकांच्या पुढ्यात तो कागद होता, वर पेन ठेवलेलं. गप्पू खिडकीशी उभा होता आणि पहिल्यांदाच खरोखर गप्प होता.

"सही?" मालकांनी विचारलं.

"सही नाही," सून म्हणाली. "आई बोलतील, ते ऐका. मग हवं ते करा."

सासूबाईंनी प्रस्तावना केली नाही. "किल्ली तिघांच्या हाताशी होती, शिक्का तिघांच्या हाताशी होता. त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून मी विचार केला तो खड्याचा. ज्यानं हा बदलला, त्यानं किरणांचा निळा खडा एका आईच्या हातात दिला आणि ती तो रोज बोटात घालणार हे त्याला माहीत होतं. अंगठी कधी ना कधी सोनाराकडं जातेच. तरीही त्यानं तिला सावध केलं नाही. का?"

सासूबाईंनी अंगठी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"कारण तापला की हा रंग बदलतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या सुनेला ठाऊक आहे. रोज तेच तर करते ती, निळे भाजून गुलाबी. तिला बाईंना फसवायचं असतं तर तिनं पहिल्या ज्योतीत पकडला जाईल असा खडा दिला असता? गप्पूला ठाऊक आहे, त्यानं एकदा चटका खाल्लाय. आणि तू," त्या मालकांकडं वळल्या, "तू तर कार्ड छापतोस. खडा तूच बदलला असतास तर बाईंना म्हणाला असतास, अंगठीचं काही काम निघालं तर आमच्याकडंच आणा."

"मग?" मालक म्हणाले.

"बाईंना कुणीतरी सांगितलं होतं, भट्टीत टाकला तरी रंग उडणार नाही. सांगणाऱ्याचा त्यावर पुरता विश्वास होता. प्रेसच्या निळ्याबद्दल ते खरंही आहे. बावीस वर्षं ज्यानं फक्त प्रेसचाच निळा पाहिला, त्याला किरणांचा निळा वेगळा वागतो हे कुठून कळणार? पाकिटात खडा घालायचा, निळा होऊन येतो, एवढंच त्याला माहीत." त्यांचा आवाज खाली आला. "आज दुपारी मी दोघांना एकच प्रश्न विचारला. एकानं आधी मलाच विचारलं, खडा कुठला. दुसऱ्यानं विचारलंच नाही. आणि भट्टीत टाका म्हणाला, अगदी बाईंना म्हणाला होता तसंच."

प्रेसकाका भिंतीला टेकून उभे होते. ते हळूहळू खुर्चीत बसले.

"तीनदा केलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा प्रेसचा दाब देणारा ठोकळाच तडकला, सगळा कार्बन वाया. दुसऱ्यांदा आतला कणच विरघळून गेला. वेणीतलं शेवटचं उरलं होतं ते तिसऱ्यांदा घातलं. कुठून तरी हवा शिरली. जे निघालं ते... निळं नव्हतं." त्यांनी तळहातांनी चेहरा झाकला. "दर आठवड्याला बाई त्या बाकावर येऊन बसायच्या. काका, निळी होतेय ना? मी हो म्हणायचो. आधी एकदा हो म्हणालो, मग नाही कसं म्हणू? बाजारातून पैलू पाडलेला पांढरा खडा घेतला, माझ्या पैशांनी. वाटलं, निळा मिळाला की बाई शांत होतील."

"मला काढणार हे तुम्हाला कधी कळलं?" सुनेनं विचारलं.

"दुपारी. जेवणाच्या सुट्टीत."

"माझ्यासमोर बसून डबा खाल्लात."

"घास उतरला नाही, पोरी."

"पण तोंडही उघडलं नाहीत," सून म्हणाली. काकांनी मान वर केली नाही आणि तिनंही नजर हटवली नाही.

मालकांनी टाइप केलेला कागद उचलला, फाडला आणि टोपलीत टाकला. सुटल्यासारखे ते खुर्चीत मागं टेकले. "बरं झालं सुटलं एकदाचं. ताई, हा कागद विसरा. काका उद्यापासून आजारपणाच्या रजेवर. बाईंना मी आपल्या सगळ्यात चांगल्या निळ्यातला देतो, सांगू की चुकून डब्या बदलल्या. हे या खोलीबाहेर जाणार नाही."

६

"जाणार," सून म्हणाली.

"तुमचं नाव आता कुठंच येत नाही. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"सकाळी माझ्यावर खोटं लादत होतात, आता बाईंवर लादताय. सकाळी मी नाही म्हटलं, आताही नाहीच म्हणणार."

"तीनशे घरं आहेत. उद्या सगळे दारात येऊन उभे राहतील, आमचा तपासून द्या म्हणून!"

"मग देऊ तपासून. आपलं कामच आहे ते."

"तुम्ही ते दार उघडलंत," मालक उभे राहिले, "तर उद्यापासून इथं यायची गरज नाही."

सुनेनं दार उघडलं. "बाई," तिनं हाक मारली, "आत या."

काकांनीच सगळं सांगितलं, काही न वगळता. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही मला म्हणायचात, आज जरा मोठी झाली असेल. हे मी घरी जाऊन तिच्या फोटोला सांगायचे."

बाईंनी हात पुढं केला.

"ती कुठं आहे?"

काकांनी खिशातून औषधाची एक छोटी डबी काढली. आत कापसावर एक खडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. वेडावाकडा, पिवळट तपकिरी, अंगभर काळे ठिपके आणि मधून आरपार गेलेली चीर. पैलू पाडायला घेतला असता तर चाकावरच दोन तुकडे झाले असते.

बाईंनी तो तळहातावर घेतला. "हा तिचाच, हे कशावरून?"

सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी भिंग लावलं, दिव्याखाली धरला, एक लहान चुंबक जवळ नेलं. खडा किंचित सरकला. "आत लोखंड अडकलंय, म्हणजे प्रेसमधला, हे नक्की. केस कुणाचे, ते कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही तुम्हाला. कार्बनवर नाव नसतं."

"बघा," मालक घाईनं म्हणाले, "म्हणूनच म्हणतो बाई, त्यापेक्षा..."

"थांबा," बाई म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशा. मालक थांबले. "या माणसाला फसवायचं होतं तेव्हा त्यानं देखणा खडा आणला. निळा, चकचकीत, मला हवा होता तसा. असला तुटका, घाणेरड्या रंगाचा खडा फसवण्यासाठी कुणी कशाला आणेल? आणि विकायला येत नाही, दाखवायला येत नाही, असा खडा तीन महिने खिशात कोण बाळगेल?" त्यांनी मूठ मिटली. "माझीच आहे ही."

"निदान आम्ही याचा रंग सुधारून देतो," मालक म्हणाले. "ताईंचं खातं आहे, किरणं देऊन बघू, जमल्यास..."

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर लोक तिला सुधारायला बघत होते. केस वाढव, आवाज कमी कर, बस कसली चालवतेस. तिनं कुणाचं ऐकलं नाही. मीच निळ्याचा हट्ट धरायला नको होता. मला फक्त एक कागद हवाय. हे जे काय आहे, ते जसं आहे तसं लिहिलेला."

"कारखान्याच्या छापील कागदावर मी हे लिहू देणार नाही," मालक म्हणाले.

"नका देऊ," सून म्हणाली. तिनं मालकांच्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, सकाळपासून तिथं वाट बघत असलेलं पेन उचललं आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. प्रेसमध्ये वाढवलेला हिरा. पैलू नाहीत. रंग पिवळट तपकिरी. आत धातूचे ठिपके, एक आरपार चीर. कार्बन मुलीच्या केसांचा, असं वाढवणाऱ्याचं सांगणं. तपासणीनं ते सिद्ध करता येत नाही. रंगासाठी केलेली प्रक्रिया: काहीही नाही. खाली तिनं पूर्ण सही केली. मग पेन काकांच्या पुढं धरलं. काकांनीही सही केली.

बाई गेल्या. जाताना त्या काकांशी बोलल्या नाहीत, पण दाराशी थांबून सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. गुलाबी अंगठी टेबलावरच राहिली.

मालकांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सुनेच्या घरी नोकरी गेल्याचं पत्र आलं. काकांनी त्याआधीच स्वतःहून काम सोडलं होतं. गप्पूनं मात्र नेहमीप्रमाणं सगळीकडं बडबड केली आणि आठवड्याच्या आत लोक सुनेच्या दारात यायला लागले. कुणाच्या डबीत आईच्या केसांचा पिवळा हिरा, कुणाच्या भावाचा पांढरा. सासूबाईंनी पुढच्या खोलीत टेबल मांडलं, दिव्यावर काळं कापड टाकलं. सून सुया धरायची, सासूबाई भिंग धरायच्या, आणि दोघी एकमेकींच्या चुका काढायच्या. पंचेचाळीस खडे तपासले. सगळे प्रेसमधलेच निघाले. तसं प्रत्येकाला लिहून दिलं आणि त्याखाली, कार्बन कुणाचा ते सांगता येत नाही, हेही लिहिलं. ती ओळ वाचून काही जण तिथंच रडले. त्या ओळीवरून कुणी भांडलं नाही.

पण कारखान्याला केसांच्या हिऱ्याची एकही नवी ऑर्डर येईना. लोक दारातच विचारायचे, त्या ताई आहेत का?

मालकांनी परत या म्हणून चिठ्ठी पाठवली. सुनेनं तिच्याच मागच्या बाजूला दोन ओळी लिहून परत केली. केसांचा हिरा असेल तेव्हा घरच्या माणसांना समोर उभं करून प्रेस उघडायचा. जे निघेल ते त्यांच्या हातात द्यायचं.

अकरा दिवस काही उत्तर आलं नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी मालक स्वतः आले. सासूबाईंनी दार उघडलं आणि दारातच वाट अडवून उभ्या राहिल्या.

"अट मान्य असेल तर आत ये," त्या म्हणाल्या. "नसेल तर तिथूनच बोल."

मालकांनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलाशी एक म्हातारं जोडपं डबी उघडून बसलं होतं आणि सून दिव्याखाली वाकली होती. तिनं वर पाहिलं नाही.

मालक थोडा वेळ पायरीवर उभे राहिले. मग खाली वाकले आणि बुटांचे बंद सोडायला लागले.